दहावी-बारावीनंतरचा प्रवेश : पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



निकालाच्या दिवशी आपल्या मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. किती टक्के पडले, हे प्रत्येकजण विचारतो. पण "आता पुढे कोठे?" हा प्रश्न बहुतेक घरांत दुसऱ्या दिवशी निघतो, आणि त्याचे उत्तर चाचा, मामू किंवा कोपऱ्यावरचा दुकानदार देतो. सल्ला देणाऱ्यांचे मन चांगले असते, पण माहिती जुनी असते. प्रवेशाची पद्धत दरवर्षी बदलत आहे. म्हणून आज मी उपदेश न करता कामाच्या चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली गोष्ट, दहावीनंतरच्या वाटेची. दहावीनंतर फक्त सायन्स, कॉमर्स आणि आर्ट्स एवढ्याच वाटा आहेत असे आपण समजतो. तीन वर्षांचा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. तो पूर्ण करणाऱ्याला पदवी अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआय आहे. ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो, त्याला गॅरेजमध्ये बसवण्यापूर्वी आयटीआयचा अर्ज भरा. काम तो दोन्हीकडे शिकेल, पण आयटीआयमधून त्याच्या हाती प्रमाणपत्रही येईल.

सायन्स घेणाऱ्यांनी विषय विचारपूर्वक घ्यावेत. गणित सोडले की अभियांत्रिकीचे दार जवळजवळ बंद होते. जीवशास्त्र सोडले की वैद्यकीयचे. मित्राने घेतले म्हणून आपण घेतले, असे करू नका. आणि आर्ट्सला जाणारा मुलगा हुशार नाही, हा समज मनातून काढा. वकिली, शिक्षकी, पत्रकारिता, स्पर्धा परीक्षा या सगळ्या वाटा तेथूनही निघतात. मी स्वतः बी.ए. करूनच आपल्यासमोर उभा आहे.

अकरावीचे प्रवेश २०२५ सालापासून साऱ्या महाराष्ट्रात ऑनलाइन झाले आहेत. अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम द्यावा लागतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले आणि तेथे प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांत भाग घेता येत नाही. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच नाव लिहा, जेथे खरोखर जायचे आहे. बसभाडे किती, घरापासून अंतर किती, फी किती, हे आधी पाहून या. अल्पसंख्याक दर्जाच्या कनिष्ठ महाविद्यालयांत त्या अल्पसंख्याक समाजासाठी ५० टक्के कोटा असतो. त्याची निवड अर्जात वेगळी करावी लागते. पुष्कळ पालकांना हे माहीतच नसते.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. गुण असून मुले मागे राहतात ती कागदांमुळे. शाळेच्या दाखल्यावर 'शेख', आधारवर 'शैख', वडिलांचे नाव एका ठिकाणी 'महंमद' तर दुसऱ्या ठिकाणी 'मोहम्मद'. आपल्याला हा किरकोळ फरक वाटतो, पण संगणकाच्या लेखी ती दोन निरनिराळी माणसे असतात. शाळा सोडल्यानंतर नावात दुरुस्ती करणे फार अवघड जाते. म्हणून मूल आठवी-नववीत असतानाच शाळेच्या कार्यालयात जाऊन जनरल रजिस्टरमधील नोंद स्वतः डोळ्यांनी पाहा. वाचता येत नसेल तर शिक्षकांना वाचून दाखवायला सांगा. यात लाज कसली?

याच नोंदीत आणखी एक अडचण दडलेली असते. धर्माच्या नावावर आज आपल्याला राज्यात आरक्षण नाही. २०१४ साली पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, पण तो टिकला नाही. मात्र आपल्यातील बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. लाभ त्या जातीच्या नावाने मिळतो. आणि आपल्या वडिलांच्या, आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय असते? नुसते 'मुसलमान'! मग जातीचा दाखला अडतो आणि पडताळणीही अडते. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यू नोंद, जुने महसुली कागद शोधावे लागतात. हे एका आठवड्याचे काम नाही. निकाल लागल्यावर आजोबांच्या गावाला धावणारा बाप मला दरवर्षी दिसतो, आणि तोपर्यंत पहिली फेरी निघून गेलेली असते. मुलगा अकरावीत असतानाच महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊन जिल्हा जात पडताळणी समितीकडे अर्ज करा. सोबत नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्रही लागते.

ज्यांची जात यादीत नाही, त्यांनी हात टेकू नयेत. २०१९ च्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांना १० टक्के जागा मिळाल्या आहेत. त्यात धर्माची आडकाठी नाही. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवे. प्रमाणपत्र तहसील कार्यालयातून मिळते. मात्र अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांना हे आरक्षण लागू नाही, हे ध्यानात ठेवा.

तिसरी गोष्ट बारावीनंतरची. आता बारावीच्या गुणांइतकीच प्रवेश परीक्षा महत्त्वाची झाली आहे. अभियांत्रिकी आणि फार्मसीसाठी राज्याची सीईटी, वैद्यकीयसाठी नीट, पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठी वेगळी सीईटी. २०२४ पासून बीबीए आणि बीसीएलाही सीईटी आली. त्या वर्षी कितीतरी मुलांना हे निकालानंतर कळले. या परीक्षांचे अर्ज बारावीच्या परीक्षेआधीच निघतात. म्हणून दिवाळी संपली की वर्तमानपत्रावर आणि शाळेच्या सूचना फलकावर लक्ष ठेवा.

अर्ज भरताना मोबाईल नंबर घरचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा नंबर दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि ऐन वेळी त्याचे दुकान बंद असते. तो नंबर प्रवेश पूर्ण होईपर्यंत बदलू नका. पासवर्ड वहीत लिहून ठेवा. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवा.

तसेच, डॉक्टर नाही तर काहीच नाही, हा हट्ट घातक आहे. नीटमध्ये अपेक्षित गुण न मिळालेला मुलगा तीन-तीन वर्षे घरी बसतो. नर्सिंग, फार्मसी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, बी.एससी. हीसुद्धा इज्जतीचीच कामे आहेत. आणि जो माणूस "पैसे द्या, सीट मिळवून देतो" असे म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवा. देणगी घेऊन प्रवेश देण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. दागिने विकून दलालाच्या हाती दिलेला पैसा परत येत नाही.

चौथी गोष्ट पैशाची. अभियांत्रिकी आणि पॉलिटेक्निकमध्ये पाच टक्के जागा शिक्षण शुल्कमाफीच्या असतात. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलांना त्या गुणवत्तेवर मिळतात. अर्जात तो पर्याय निवडायला विसरू नका. शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीवर अर्ज करावा लागतो, आणि तो दरवर्षी करावा लागतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मात्र वेळेत काढून ठेवा.

आता माता-भगिनींशी दोन शब्द. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य शासनाने निर्णय घेतला की आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत नाही. म्हणजे मुलीच्या फीची मोठी अडचण कमी झाली. उरली आपली भीती. कॉलेज दूर आहे, येणे-जाणे कसे होईल, लोक काय म्हणतील. अंतराची चिंता खोटी नाही. पण तिच्यावर उपाय आहे. एका मोहल्ल्यातल्या चार मुलींनी एकाच महाविद्यालयाचा पसंतीक्रम दिला तर चौघींना सोबत होते. अम्मी एकदा जाऊन वसतिगृह पाहून आल्या तर अर्धी भीती जाते. रिश्ता चांगला आला म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडवलेल्या मुली मी वर्गात शिकवल्या आहेत. त्यांच्यात माझ्या सर्वांत हुशार विद्यार्थिनी होत्या. शिक्षण पूर्ण होईपर्यंत थांबू शकणारा रिश्ताच खरा चांगला रिश्ता, असे माझे मत आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या अब्बांना अर्ज भरता येत नसेल. ते पॉवरलूमवर, हातगाडीवर, रिक्षावर दिवस काढतात. त्यांना सगळे समजलेच पाहिजे, अशी अपेक्षा धरू नका. माहिती तुम्ही आणा, समजावून सांगा आणि मग त्यांचा सल्ला घ्या. पालकांनो, तुम्हीही मुलाची आवड विचारा. शर्माजींच्या किंवा खानसाहेबांच्या मुलाशी त्याची तुलना करू नका.

मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तेव्हा मुलांना शाळेत आणणे हेच मोठे काम होते. आज आपली मुले शाळेत येतात. आता त्यांना शाळेच्या पुढच्या दारातून आत पोहोचवणे हे आपले काम आहे. यासाठी माझी एक सूचना आहे. आपल्या संस्थेत दर शनिवारी दुपारी एक टेबल मांडावे. पदवीधर तरुणांनी पाळीपाळीने तेथे बसावे, आठवीपासूनच्या मुलांचे दाखले तपासावेत आणि अर्ज भरून द्यावेत. याला फार पैसा लागत नाही. अध्यक्ष महाशयांनी परवानगी दिली तर पहिल्या शनिवारी मी बसेन. येताना मुलाचा दाखला, आधार आणि शिधापत्रिका घेऊन या. नावाच्या स्पेलिंगपासून सुरुवात करू.

 जय हिंद.