साहेबांचें मराठी क्रमिक पुस्तक

परकी भाषा शिकविणारें पुस्तक हातीं आलें, कीं मी प्रथम त्यांतील नियम पाहत नाहीं, संवाद पाहतों. शिकणारा कोण आणि त्याला ती भाषा कशासाठीं हवी, हें तेथें उघड होतें.

सोळाव्या शतकांत लंडन शहरीं क्लॉडियस हॉलिबँड नांवाचा एक फ्रेंच पंतोजी होता. धर्मच्छळामुळें परागंदा झालेला हा गृहस्थ सेंट पॉलच्या देवळाच्या आवारांत शाळा चालवी. १५७३ सालीं त्याचें ‘फ्रेंच स्कूलमास्टर’ हें पुस्तक निघालें. फ्रेंच आणि इंग्रजी संवाद शेजारीं शेजारीं. विषय काय, तर शाळेस निघालेलें पोर, बाजारांतील घासाघीस, जेवणाची पंगत! पुढल्या एका पुस्तकांत तर जें अक्षर उच्चारावयाचें नाहीं, त्याच्याखालीं त्यानें बारीक खूण केली. वर्गांत उभें राहून तोच अशुद्ध उच्चार शंभरदां ऐकणाऱ्यालाच ही युक्ति सुचावी. आमच्या गोदाकाठचे उपाध्ये परप्रांतीय यजमानाशीं त्याच्या भाषेंत बोलतात, ते कांहीं विभक्तींचे तक्ते घोकून नव्हे. संभाषणांतून भाषा येते, हें हॉलिबँडनें ओळखलें होतें.

आतां आपल्याकडे वळूं. १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यास उतरला. ‘ख्रिस्तपुराणा’चा कर्ता म्हणून तो आपणांस ठाऊक आहे, पण गोमंतकाच्या बोलीचें त्याचें पोर्तुगीजांत लिहिलेलें व्याकरणही त्याच्या पश्चात् १६४० सालीं रायतूर येथें छापलें गेलें. १७७८ सालीं रोम शहरीं मराठीचें एक व्याकरण पोर्तुगीजांतच निघालें. हे खटाटोप धर्मप्रसारासाठीं.

राज्यकारभारासाठीं मराठी शिकविण्याचा उद्योग मात्र बंगालांत सुरू झाला, हें विलक्षणच. कंपनीच्या कोवळ्या नोकरांसाठीं १८०० सालीं कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज निघालें. तेथें मराठीचें काम विल्यम केरी या मिशनऱ्याकडे आलें. हा मूळचा जोडे शिवून पोट भरणारा. महाराष्ट्रांत कधींच राहिलेला नाहीं. १८०५ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून त्याचें इंग्रजींत लिहिलेलें मराठी व्याकरण निघालें आणि त्यास नित्याच्या विषयांवरील संवाद जोडलेले होते. साल ध्यानांत घ्यावें. वसईचा तह १८०२ चा, असईची लढाई १८०३ ची. तलवारीमागोमाग व्याकरण आलें!

लंडनचा विद्यार्थी फ्रेंच शिके, तो व्यापारासाठीं, प्रवासासाठीं किंवा हौसेनें. कलकत्त्याचा विद्यार्थी मराठी शिके, तो उद्यां अधिकारी होऊन रयतेची अर्जी ऐकावयासाठीं. दुसरा भेद मला अधिक बोंचतो. हॉलिबँड निर्वासित खरा, पण त्याच्या पुस्तकावर नांव त्याचेंच. केरीस मराठी सांगणारे कॉलेजांतील मुख्य पंडित वैजनाथ. प्रस्तावनेंत त्यांचें ऋण मानलें आहे, परंतु ग्रंथकार म्हणून नांव एकट्या केरीचें. मी केरीस दोष देत नाहीं. त्यानें उपकार लपविले नाहींत. तथापि ज्याच्या मुखांतून भाषा आली, तो प्रस्तावनेच्या ओळींतच राहिला.

केरीच्या चिकाटीचें एक उदाहरण सांगितलेंच पाहिजे. व्याकरण बाळबोध टाइपांत छापलें, पण व्यवहारांतला मराठी माणूस लिही मोडी. म्हणून श्रीरामपुरास मोडीचे खिळे पाडण्यांत आले आणि १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडींत निघाला.

आपल्याच मुलांसाठीं दादोबा पांडुरंगांनीं लिहिलेलें व्याकरण मुंबईस १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. तोंवर साहेबांच्या क्रमिक पुस्तकास एकतीस वर्षें होऊन गेलीं होतीं.