ग्रंथ, खण आणि शेजार

आयबीएमच्या झेड मेनफ्रेम संगणकाची परिभाषा माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला मोहविणारी आहे. त्यातील गाभे सॉकेटात, सॉकेटे ‘बुका’त आणि बुके ‘ड्रॉवरा’त! आपण ग्रंथ आणि खण म्हणू. शेजारच्या गाभ्यांना सामाईक कॅश लाभते. दूरच्या खणातून माहिती आणावयास अधिक वेळ लागतो. ‘क्यूईएमयू’ या एम्युलेटरमधील पाहुण्या कार्यप्रणालीला हा शेजार २०२३ च्या ८.२ आवृत्तीपासून सांगता येऊ लागला. मात्र खरा नकाशा पुरविण्याची जबाबदारी व्यवस्थापकाची. गाभा अन्यत्र हलविला, तर नोंदही त्यानेच बदलावयाची. कार्यप्रणाली बिचारी त्या नोंदीवर विसंबून कामे वाटते. नोंद चुकली तरी उत्तरे बरोबरच येतात, केवळ गती मंदावते. म्हणूनच तो दोष सहजी सापडत नाही.