इंग्रजीच्या तासाला कविता कळते तेव्हा



भिलाईची उभारणी भाषांतराच्या आधाराने झाली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधल्या वर्षांत रशियन अभियंता आणि भारतीय कामगार यांच्यामध्ये दुभाषे उभे असत. दुभाष्याने शब्दाला शब्द देऊन भागत नसे. सांगणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्याला आधी समजून घ्यावे लागे, मगच ते ऐकणाऱ्याच्या भाषेत उतरत असे.

या कारखान्याच्या ओढीने विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या अन्य भागांतून आलेल्या कुटुंबांची तिसरी पिढी आज शाळेत आहे. सेक्टर १०मधील एखाद्या मराठी घरातले मूल आजीशी मराठी बोलते, मैदानावर हिंदी बोलते, कामाला येणाऱ्या बाईंची छत्तीसगढी त्याला समजते आणि वर्गात त्याच्यापुढे इंग्रजीचे पुस्तक उघडलेले असते. पालकांची काळजी या शेवटच्या पुस्तकापाशी येऊन थांबते. मराठी माध्यमात शिकून मुलाला इंग्रजी येईल का, हा प्रश्न साठ वर्षांपूर्वीही होता आणि आजही आहे. या काळजीपोटीच अनेक मुलांचे दाखले शाळेतून काढले जातात. म्हणून या प्रश्नाचा विचार मोघमपणे न करता, इंग्रजीच्या तासाला शिकवल्या जाणाऱ्या प्रत्यक्ष कवितांच्या आधारे केलेला बरा.

पहिले उदाहरण निस्सीम इझिकेल यांचे. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संग्रहातील ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’ ही कविता अनेक पाठ्यपुस्तकांतून शिकवली जाते. इझिकेल मुंबईच्या बेने इस्रायली समाजातले, म्हणजे ज्यांची घरची भाषा पिढ्यान्‌पिढ्या मराठी आहे अशा समाजातले. इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादातही त्यांचा हात होता. त्यांच्या या कवितेत पावसाने आत ढकललेला विंचू तांदळाच्या पोत्याखाली शिरतो आणि आईला दंश करतो. शेजारी कंदील घेऊन धावत येतात, पूर्वजन्मीच्या पापांविषयी बोलतात. बुद्धिवादी वडीलसुद्धा हाताला येईल तो उपाय करून पाहतात. वीस तासांनी वेदना ओसरते, तेव्हा आई एवढेच म्हणते की विंचवाने आपल्याला गाठले आणि मुलांना सोडले, हे बरे झाले.

गाइडमध्ये या कवितेचे सार एका ओळीत मिळते : अंधश्रद्धा आणि विज्ञान यांचा संघर्ष. मुले ती ओळ पाठ करतात आणि गुणही मिळवतात. परंतु मराठी घरातील मुलाकडे या कवितेसाठी गाइडपेक्षा मोठी शिदोरी असते. विंचू ‘उतरवणे’ हा शब्दप्रयोग त्याच्या आजीच्या बोलण्यात असतो. मंत्र घालणाऱ्या माणसाची गोष्ट त्याने ऐकलेली असते. एकनाथांच्या भारुडातला विंचूही त्याला ठाऊक असतो. तो काम-क्रोधाचा विंचू आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा आहे. हे दोन विंचू शेजारी ठेवले की वर्गात खरी चर्चा सुरू होते. नाथांचा विंचू रूपक आहे. इझिकेल यांचा विंचू मात्र पावसाला कंटाळलेला साधा जीव आहे. त्याला पापाचे रूप देतात ते शेजारी. कवी ते देत नाही, हे मुलाच्या ध्यानात आले की कवितेतील आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागतात. कोण बोलते आहे आणि कवी त्याच्याशी सहमत आहे का, हा प्रश्न कोणत्याही भाषेतील साहित्य समजण्याची पहिली पायरी आहे. या मुलाला तो प्रश्न मराठीमुळे सुचला.

आज सेक्टर ९चे मोठे रुग्णालय जवळ असलेले मूल विचारते, ‘त्यांनी आईला दवाखान्यात का नेले नाही?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खेड्यातील रुग्णांच्या उशाशी बसून या विषाचा हृदयावर होणारा परिणाम अभ्यासला, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि असंख्य प्राण वाचवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे कळल्यावर आईच्या त्या एका वाक्याचे वजन बदलते. दंश मुलाला झाला असता तर काय घडू शकले असते, हे तिला ठाऊक होते. तिच्या उद्गारात भाबडेपणा नाही, पुरती जाण आहे.

दुसरे उदाहरण वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सचे. भिलाईच्या मुलाने हे फूल पाहिलेले नसते, म्हणून पुस्तकातील चित्र दाखवून तास पुढे सरकतो. वास्तविक ही कविता फुलापेक्षा आठवणीची अधिक आहे. १५ एप्रिल १८०२ रोजी कवी आणि त्याची बहीण डोरोथी सरोवराकाठून चालत होते. डोरोथीने त्या दिवसाची, वाऱ्याची आणि फुलांची नोंद आपल्या रोजनिशीत केली. कविता लिहिली गेली ती १८०४ मध्ये आणि छापली गेली १८०७ मध्ये. कवितेत मात्र कवी एकटाच आहे; बहीण दिसत नाही. तिला का वगळले असेल, हा प्रश्न वर्गात टाकला की सर्वांत मागच्या बाकावरचे मूलही बोलू लागते. कविता हा घडलेल्या प्रसंगाचा अहवाल नसतो, हे त्याला व्याख्येशिवाय समजते. मग त्याला फाल्गुनात दुर्ग-राजनांदगावच्या वाटेवर फुललेला पळस आठवतो. छत्तीसगढी शेजारीण त्याला परसा म्हणते. घरी परतल्यावर डोळे मिटून तो पळस पुन्हा दिसला असेल, तर वर्ड्‌स्वर्थ समजण्यास आणखी काय हवे?

तिसरे उदाहरण रॉबर्ट फ्रॉस्टचे. बर्फ पडत असलेल्या रानापाशी एक प्रवासी थांबतो. रान मोहक आहे, पण दिलेली वचने आहेत आणि बरेच अंतर जायचे आहे. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या या कवितेच्या शेवटच्या ओळी पंडित नेहरूंनी अखेरच्या दिवसांत आपल्या मेजावर ठेवल्या होत्या. भिलाईच्या मुलाला बर्फ अपरिचित असतो. मात्र फ्रॉस्टने ही कविता जून महिन्यात, ऐन उन्हाळ्यात लिहिली, हे ऐकून त्याची भीड चेपते. समोर नसलेला बर्फ कवीला दिसू शकतो, तर वाचकालाही दिसू शकतो. आणि बर्फाखालचा आशय तर त्याच्या घरातलाच आहे. रात्रपाळीला निघालेले वडील, दारात क्षणभर रेंगाळलेली त्यांची सायकल, निजलेल्या मुलांकडे टाकलेली एक नजर, आणि मग कारखान्याची वाट. थांबावेसे वाटणे आणि जावे लागणे हा ताण ज्या घराने वर्षानुवर्षे पाहिला, त्या घरातील मुलाला ही कविता परकी कशी राहील?

या तिन्ही उदाहरणांतून एकच गोष्ट निष्पन्न होते. मातृभाषा ही इंग्रजी साहित्याकडे जाणारी वाट आहे, अडसर नव्हे. याचा अर्थ तासभर मराठीत भाषांतर सांगावे असा मुळीच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने अनेक पिढ्यांना वाक्यरचना शिकवली, हे ऋण मोठेच आहे. परंतु कविता ओळीओळीने मराठीत उतरवून दिली की मूल केवळ ऐकणारे राहते. क्रम असा असावा : कविता प्रथम इंग्रजीत, मोठ्याने, न थांबता दोनदा वाचावी. मग कोण बोलते, कोणाशी बोलते आणि आरंभापासून शेवटापर्यंत काय पालटते, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मुलाने ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत द्यावे. अखेरीस तेच उत्तर त्याने स्वतःच्या इंग्रजीत, चार वाक्यांत का होईना, लिहावे. त्या वाक्यांत चुका असतील. त्या सुधारता येतात. पाठ केलेल्या निर्दोष उत्तरात सुधारण्याजोगे काहीच नसते, कारण त्यात मुलाचे स्वतःचे काहीच नसते.

या कामी पालकांचा वाटा मोठा आहे आणि त्यासाठी इंग्रजी येण्याची अट नाही. मुलाने घरी येऊन कवितेची हकीकत मराठीत सांगावी आणि आई-वडिलांनी ती ऐकावी, एवढे पुरेसे आहे. आईने मध्येच विचारले, ‘मग तो माणूस थांबला का नाही रे?’, तर मूल पुन्हा पुस्तक उघडते. शिकवणी वर्गाचे शुल्क भरून हे साधत नाही. गाइड घरात आणावेच लागले, तर ते मुलाने स्वतःचे उत्तर लिहून झाल्यावर उघडावे. आणि मराठी सुटली की इंग्रजी लवकर येईल, या समजुतीने माध्यम बदलण्याआधी मुलाला एवढेच विचारावे, की वर्गात झालेल्या कवितेतील माणसाला काय हवे होते. ते मूल आपल्या भाषेत सांगू शकत असेल, तर त्याचे इंग्रजी योग्य वाटेवर आहे.

शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांना शाळेत पाठ केलेली एखादी इंग्रजी कविता आजही येत असेल. आज घरी गेल्यावर त्यांनी ती नातवंडांना म्हणून दाखवावी, आणि तिचा अर्थ आता, एवढ्या वर्षांनी, काय लागला तेही मराठीत सांगावे. पाठांतर त्या वेळी झाले होते. समज आयुष्याने दिली. ती समज मुलांना थोडी लवकर मिळावी, एवढ्यासाठी हा प्रपंच.