चिंच उतरवली, सावलीचा हिशोब मांडला

(प्रभागसंघाच्या सर्वसाधारण सभेतलं भाषण)

सभेला यायला जमलं नाही म्हणून घरी बसून हे वाचणाऱ्या ताई, तुमच्याही गावात असं एखादं झाड असेलच, तेव्हा हे तुमच्यासाठीही आहे.

आमच्या गावात अंगणवाडीच्या वाटेवर जुनी चिंच होती. झाड ग्रामपंचायतीच्या जागेत. आमच्या समूहाची बैठक तिच्याखालीच व्हायची. बैठक संपली तरी बाया उठत नसत. कुणी चिंच फोडायला घेई, कुणी वाती वळी, कुणी मोडक्या सुपाला कागदाचा लगदा आणि मेथी वाटून लिंपण देई. झाडाला लागूनच एका आजीचं घर. आजी एकट्याच. गोधड्या शिवून पोट भरतात. गोधडी मोठी असते, खोलीत पसरता येत नाही. म्हणून चिंचेखाली सतरंजी टाकून त्या जुन्या लुगड्यांचे थर लावायच्या, आधी मोठे टाके घालून थर पक्के करायच्या आणि मग कडेकडेनं धावदोरा घालत आत यायच्या. त्यांच्यासाठी ते झाड म्हणजे कारखानाच होता म्हणा ना.

मागच्या पावसाळ्यात वारं नसताना एक फांदी पडली. अंगणवाडी सुटून थोडाच वेळ झाला होता. कुणाला लागलं नाही, पण त्या रात्री गावात कुणाला नीट झोप लागली नाही.

आता ताई, झाड धोक्याचं झालंय हे कसं ओळखायचं ते नीट ऐका. वरच्या फांद्या वाळलेल्या आणि पानं फक्त एका बाजूला. बुंध्याशी किंवा मुळांवर अळंबी उगवलेली. बुंध्यावर दांडक्यानं ठोकलं तर पोकळ आवाज. दोन मोठ्या फांद्या फुटतात तिथं चीर. झाड नव्यानं कललेलं, आणि कललेल्या बाजूच्या उलट अंगाला जमीन उचलल्यासारखी किंवा भेगाळलेली. यातलं एक जरी दिसलं तर त्याखाली लेकरं खेळू देऊ नका आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. नुसतं तोंडी सांगू नका. अर्जाची एक प्रत शिक्का मारून आपल्या फाईलला ठेवा.

आमच्या चिंचेला यातल्या तीन खुणा होत्या. एक ठेकेदार आला आणि म्हणाला, "फुकट तोडून देतो, लाकूड मी नेतो." पुष्कळांना ते बरं वाटलं. आजी मात्र म्हणाल्या, "झाड तोडू नका. माझ्यावर पडलं तर पडू दे. सावली गेली तर मी शिवू कुठं?"

ताई, हसण्यावारी न्यावं असं हे बोलणं नव्हतं. गाव जिवाचा धोका बघत होतं, आजी पोटाचा. दोन्ही खरंच होतं. आम्ही हा विषय महिला सभेत घेतला. ग्रामसभेआधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते, हे आपल्याला प्रशिक्षणात सांगतात, पण बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते. आम्ही ती चिंचेखाली न भरवता शाळेत भरवली. तिथं तीन ठराव झाले. झाड उतरवायचं, पण परवानगी घेऊन. लाकडाचा लिलाव करून पैसे ग्रामनिधीत जमा करायचे. आणि तिसरा ठराव असा की, सावली जाते आहे तर बायांना बसायला दुसरी जागा ग्रामपंचायतीनं द्यायची.

परवानगीचं सांगते. आपल्याकडे १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. चिंच, आंबा, जांभूळ, फणस, मोह, साग अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. ती आपल्या बांधावर असली तरी न विचारता तोडता येत नाहीत. पण जीविताला धोका हे परवानगी देण्याचं कारण कायद्यानं मानलेलं आहे. म्हणून अर्जात धोका काय आहे ते स्पष्ट लिहा, फोटो जोडा, ठरावाची प्रत जोडा.

काम वैशाखात केलं. तोवर चिंचा उतरून झाल्या होत्या आणि पाऊस यायचा होता. ढोलीत पिंगळे राहायचे. त्यांची पिल्लं उडून गेलीत ना, हे पोरांनी आठ दिवस आधीपासून पाहून ठेवलं. झाडाजवळून विजेची तार जात होती. तोडणीच्या दिवशी लाईन बंद करायला वीज कंपनीला आधी लिहून दिलं. तार तुटलेली दिसली किंवा फांदी तारेवर टेकलेली दिसली तर ताई, काठीनंही हात लावू नका. १९१२ ला फोन करा.

तोडणी बघायला अख्खा गाव येतो. त्यातच माणसं जखमी होतात. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर उभं राहायचं, हा नियम पाठ करा. उंची कशी मोजायची? दुपार कलल्यावर आपली सावली आपल्या उंचीएवढी होते. त्याच वेळी झाडाची सावली पावलांनी मोजा, तेवढीच झाडाची उंची. त्याच्या दुप्पट पावलं टाकून आम्ही दोरी बांधली आणि दोरीवर बाया उभ्या केल्या. एकही पोरगं आत जाऊ दिलं नाही.

आधी वरच्या फांद्या दोराला बांधून एकेक खाली सोडल्या. फांदीला आधी खालून थोडा काप देतात, मग वरून कापतात, नाहीतर साल बुंध्यापर्यंत सोलत जाते. शेवटी खोड राहिलं. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला पाचरीसारखी खाच घेतली आणि मग मागून करवत घातली. मधे थोडं लाकूड बिजागरीसारखं ठेवतात, म्हणजे खोड ठरल्या बाजूला जातं. खोड पडलं तेव्हा पायाखालची जमीन हलली. कुणी टाळी वाजवली नाही. जवळ जाऊन पाहिलं तर आत हाताएवढी पोकळी आणि काळा भुगा. आजींनी मूठभर भुगा हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "लई दिवस नुसत्या सालीवर उभी होती बिचारी."

लाकडाचा लिलाव झाला. चिंचेचं लाकूड कठीण, त्याची उखळं, मुसळं होतात. त्या वर्षीचे चिंचोके आम्ही समूहात ठेवले होते. चिंचोके भाजून, साल काढून, दळून शिजवले की खळ होते. धनगर बांधव घोंगडीला हीच खळ देतात. आम्ही ती लगद्याच्या टोपल्यांना वापरतो.

आणि जागा? समाजमंदिराचा ओटा मिळाला. तिथं दुपारी पत्त्यांचा डाव बसायचा, त्यामुळं आपण बाया कधी तिकडं फिरकत नव्हतो. आता ठरावात वेळ लिहिली आहे, दुपारी दोन ते पाच. पहिले दोन आठवडे कुरबुर झाली. आम्ही ठराव दाखवला आणि सतरंजी अंथरली. आज आजींबरोबर पाच जणी गोधडी शिवतात.

ताई, या कामाचाही हिशोब ठेवा. "रिकाम्या वेळात शिवते" असं म्हणू नका. समजा एका गोधडीला चाळीस तास लागले, तासाला तीस रुपये धरले, तर मजुरीच बाराशे झाली. त्यात दोरा-कापडाचे दीडशे मिळवा. मग कुणी सहाशेला मागितली तर वही उघडून दाखवा. नियमित हिशोब लेखन आपल्या पंचसूत्रीतच आहे, ते फक्त कर्जापुरतं नाही.

नवी चिंच लावली आहे, घरांपासून आणि तारेपासून लांब. रोपाची चिंच धरायला आठ-दहा वर्षं जातात, कलमी त्यापेक्षा लवकर धरते. पाणी घालायची पाळी समूहाच्या वहीत लिहिली आहे.

तुम्हाला सगळ्यांना एकच काम देते. पुढच्या बैठकीआधी गावातली जुनी झाडं फिरून बघा. धोका दिसला तर अर्ज करा. आणि झाड जाणारच असेल, तर त्याच्या सावलीत कोण बसतं, कोण कमावतं, त्यांची नावं ठरावात लिहून घ्या, म्हणजे झाडाबरोबर त्यांचं काम उठणार नाही.