मताचा हक्क आणि मताचे वजन
(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



१९४० साली आदिलाबाद जिल्ह्यातल्या जोडेघाटच्या रानात निजामाच्या पोलिसांनी कुमराम भीम यांना गोळ्या घातल्या. जल, जंगल, जमीन ही त्या गोंड पुढाऱ्याची मागणी होती. आपले किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात होते; नांदेडला ते जोडले गेले १९५६च्या राज्यपुनर्रचनेत. राखीव जंगलाच्या नावाखाली गोंड-कोलामांना कसत्या जमिनीवरून उठवले जात होते आणि दाद मागायला त्यांच्या हाती मत नव्हते. बंड झाले, माणसे मेली, त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांना चौकशीला पाठवले. मत नसलेल्या माणसाचे गाऱ्हाणे सरकारच्या कानी जायला इतकी किंमत पडत होती.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामी राजवट संपली. १९५०च्या राज्यघटनेतील कलम ३२६ने प्रौढ मताधिकार दिला. वयाची अट तेव्हा २१ वर्षांची होती. शिक्षण, जमीन, जात यांपैकी काहीही विचारले गेले नाही. पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आणि तिच्यावर त्याचे चिन्ह होते, म्हणून अक्षरओळख नसलेल्यालाही मत देता आले. जगाकडे पाहा. कॅनडात सर्व आदिवासींना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळाले १९६०मध्ये, ऑस्ट्रेलियात १९६२मध्ये. तिथल्या क्वीन्सलँड राज्याने १९६५ उजाडू दिले. किनवटचा कोलाम त्यांच्या आधी मतदार झाला. याचा मला मनापासून अभिमान आहे.

पण हक्क मिळाला म्हणजे वजन मिळाले असे होत नाही. १८७१पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा देशातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ला, म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक उरकल्यावर. ज्या भटक्या-विमुक्तांना राज्यघटना नागरिक म्हणत होती, त्यांनाच हा कायदा जन्मजात गुन्हेगार मानत होता. कायदा गेला तरी शिक्का पुसला नाही. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आले १९८७मध्ये. साहित्य अकादमीने गौरवलेले ते आत्मकथन त्याची आपल्याच जिल्ह्यातली साक्ष आहे.

शिवाय मतदार यादीत नाव यायला माणूस त्या मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा असावा लागतो. पालावर राहणाऱ्याने पत्ता कोणता सांगावा? नाव असले तरी पोट माणसाला लांब नेते. २०२४चे विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले. त्याच सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या तांडे सोडून कारखान्यांकडे निघतात.

आता मतदारसंघांचे पाहू. विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. मराठवाड्यातल्या ४६ जागांत त्यातली एकही नाही. किनवटसुद्धा खुला आहे. भटक्या-विमुक्तांसाठी तर लोकसभेत वा विधानसभेत स्वतंत्र राखीव जागाच नाहीत. मते आहेत, पण विखुरलेली. प्रचारात त्यांची आठवण होते, धोरण ठरताना होत नाही.

वजन कुठे मिळू शकते, हे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या १९९६च्या पेसा कायद्याने दाखवले. किनवटच्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांत सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असते आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे येते. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट उघडली. पाच वर्षांतून एकदा बटण दाबणारा माणूस ग्रामसभेत वर्षभर बोलू शकतो. पण सभा खरोखर भरली पाहिजे. ठराव कागदावर आधी आणि अंगठे नंतर, असे होता कामा नये.

माझी मागणी साधी आहे. बेघर माणूस रात्री जिथे झोपतो तिथे जाऊन बीएलओने, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने, खात्री करावी, त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागू नये, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. ती नांदेड आणि लातूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत पालोपाली अमलात आली पाहिजे. महाविद्यालयांतल्या तरुणांनो, टोळ्या निघण्याआधी तांड्यांवर जा, मतदार नोंदणीचा नमुना ६ भरून घ्या, आणि मतदानाच्या दिवशी या मजुरांना पगारी सुट्टी व गावी येण्याची सोय मिळावी म्हणून कारखान्यांकडे आग्रह धरा. घटनेने आपले काम १९५०मध्ये केले. उरलेले आपल्याला करायचे आहे.