दोन तोंडांचा आळ



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की बोनस, महागाईभत्ता नाहीतर संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची खात्री असते. आज मात्र आम्ही एका मुक्या खणकऱ्याचे वकीलपत्र घेतले आहे. त्याच्यावर दुतोंडेपणाचा आरोप आहे.

हा प्राणी आपल्याकडचा नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतला. गांडुळासारखा वळकट्यांचा, बिनपायांचा, पाऊण मीटरपर्यंत वाढणारा. परंतु तो गांडूळ नाही आणि सापही नाही. सरड्यांच्या गणगोतातला आहे. शास्त्रीय नाव अँफिस्बीना आल्बा. अँफिस्बीना म्हणजे ग्रीक भाषेत दोन्हीकडे चालणारा. रोमच्या प्लिनीने याच नावाच्या प्राण्याला शेपटीकडे दुसरे डोके असल्याचे लिहून ठेवले होते. 1758 साली लिनियसने ते नाव या प्राण्याला दिले आणि नावाबरोबर आळही चिकटला.

आता आरोपीचे काम पाहा. पहार म्हणजे त्याचे डोकेच. कवटीची हाडे घट्ट सांधलेली. कातडी अंगावर सैल असते. तिची वळी मातीला धरतात आणि देह आतून पुढे सरकतो. मागे जायचे तर तसाच मागे. डोळ्यांवर खवल्याचे झाकण. कानाला बाहेर छिद्र नाही. पण कानाच्या हाडाला जोडलेला एक धागा जबड्याच्या कडेपर्यंत जातो, म्हणून मातीतली खसखस तो गालाने ऐकतो! पाने कापणाऱ्या मुंग्यांच्या वारुळांत तो राहतो. त्रिनिदादमध्ये केलेला अभ्यास 1986 साली प्रसिद्ध झाला; त्यात तो मुंग्यांच्या वासाच्या वाटेने चालतो असे दिसून आले.

ब्राझीलचे खेडूत त्याला दोन डोक्यांचा साप म्हणतात, मुंग्यांची आईही म्हणतात, आणि विषारी समजून ठेचतात. त्याला विष मुळीच नाही. मग दुसरे डोके? ती बोथट शेपटी. शत्रू आला की तो नालासारखा वाकतो आणि डोके व शेपटी दोन्ही उचलतो. खरे डोके कोणते, हे शत्रूला कळू नये म्हणून. ज्याच्याजवळ पाय नाहीत, पळायला जागा नाही, त्याने जीव वाचवण्यासाठी घेतलेल्या सोंगाला आम्ही कपट कसे म्हणावे?

आणि हे कुळ कसे टिकले? सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी उल्कापाताने डायनोसॉर गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, या कुळातले काही जीव त्यातून वाचले आणि पुढे वाहत्या ओंडक्यांवर समुद्र ओलांडून दूरदूर पसरले. वरच्यांचे राज्य बुडाले. मातीत राबणारे उरले.

हसू नका. आपल्याकडे मांडूळ आहे. तो खरा साप, निराळ्या कुळातला, पण शेपटी तशीच बोथट आणि आळही तोच. दुतोंड्या म्हणून, धन मिळवून देतो म्हणून त्याची चोरटी विक्री होते. गारुडी शेपटीवर डागण्या देऊन तोंड काढतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, तरीही हे चालते. एका ठिकाणी भीतीने मारतात, दुसऱ्या ठिकाणी लोभाने. दोन्हींचे मूळ एकच: जमिनीखाली राबणाऱ्याची चौकशी न करता त्याच्याविषयी मत ठरवणे.

ही खोड माणसांच्या बाबतीतही आपल्याला आहे. ती जावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.