लिनक्सवर चित्रफीत दिसत नाही तेव्हा

आज पुष्कळ शाळांतून संगणक आहेत आणि त्यांतल्या काहींवर लिनक्स नावाची, परवान्याचे पैसे न मागणारी प्रणाली आहे. गुरुजी बी रुजण्याचा प्रयोग आपल्या मोबाइलवर चित्रित करतात, पेनड्राइव्हवर घालून शाळेत आणतात, फायरफॉक्स या ब्राउझरात उघडतात. आणि पडदा काळा! कधी आवाज येतो पण चित्र नाही, कधी चित्र हलते आणि गुरुजी मुके. मुले हसतात ती वेगळीच. मग कोणी जाणता सांगतो, "लिनक्सवर हे चालायचेच नाही, दुसरा संगणक घ्या." झाले, शाळा-समितीपुढे खर्चाचा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते तो बहुधा उभा करण्याचे कारण नसते. यंत्र धड असते. त्याला एक लिपी तेवढी वाचता येत नसते.

लिपी हा शब्द मी जाणून वापरतो आहे. आजोबांच्या पेटीत जमिनीचा जुना मोडी कागद सापडतो. कागद शाबूत, शाई ठळक, पण घरात मोडी वाचणारा कोणी नाही. वाचणारा आणला की काम भागते. संगणकातल्या अशा वाचणाऱ्याला कोडेक म्हणतात.

ही लिपी मुळात लागते कशाला? हिशेब करून पाहू. चित्राची एक चौकट आडवी १९२० आणि उभी १०८० ठिपक्यांची, म्हणजे २० लाखांहून अधिक ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चौकटी. गुणाकार साडेपंधरा कोटी बाइटांवर जातो, तोही एका सेकंदाचा! १० मिनिटांचा धडा जसाच्या तसा ठेवायचा तर ९० जीबींहून जास्त जागा हवी. म्हणून मोबाइल काटकसर करतो. गुरुजींच्या मागची भिंत दर चौकटीत तीच; ती पुन्हा पुन्हा कशाला लिहायची? "भिंत मागचीच, हात एवढा सरकला," इतकीच नोंद होते आणि तोच धडा एक-दोन जीबींत मावतो. नोंदीच्या पद्धती अनेक आहेत. सर्वांत प्रचलित ती एच. २६४, ती २००३ साली प्रमाण म्हणून ठरली. तिच्यापुढची एच. २६५, २०१३ सालची.

फाइलीच्या नावाअखेर 'एमपी४' लिहिलेले असते, त्यावरून फसू नका. ते पाकिटाचे नाव. आतले पत्र कोणत्या लिपीत आहे ते पाकिटावरून कळत नाही. काल एक एमपी४ लागली आणि आज दुसरी लागत नाही, यात म्हणूनच नवल नाही.

आता, हा वाचक लिनक्सबरोबर आधीच का देत नाहीत? एच. २६४ वर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत. वाचणारा प्रोग्रॅम वाटणाऱ्याने त्यांना शुल्क द्यावे, असा रिवाज पडला. जो प्रोग्रॅम फुकट वाटतो त्याने ते कोठून द्यावे? फायरफॉक्स काढणाऱ्या मोझिलाने पुष्कळ वर्षे तत्त्व म्हणून ही लिपी नाकारली आणि २००९ साली थिओरा नावाची मुक्त लिपी पुढे केली. मला त्या हट्टाबद्दल आदर वाटतो. पण जगातले मोबाइल एच. २६४ मध्येच लिहीत राहिले. २०१२ साली मोझिलाने तडजोड केली: वाचक आपण ठेवणार नाही, घरात आधीच असेल तर त्याच्याकडून वाचून घेऊ. लिनक्सवर हा घरचा वाचक म्हणजे एफएफएमपेग नावाचा प्रोग्रॅम-संच.

"यूट्यूब चालते, मग माझाच धडा का नाही?" असे शिक्षक विचारतात, त्याचे उत्तर यातच आहे. यूट्यूब आपली चित्रे व्हीपी९ किंवा एव्ही१ या मुक्त लिप्यांतही देते, आणि त्यांचे वाचक फायरफॉक्सजवळ स्वतःचे असतात.

घरोघरच्या रीतीही निराळ्या. डेबियनच्या भांडारात एफएफएमपेग मिळतो. फेडोरा अमेरिकेतल्या कायद्याला जपून एच. २६४ चा भाग वगळते. तेथे आरपीएम फ्यूजन हे वेगळे भांडार जोडून घ्यावे लागते. उबुंटू बसवतानाच "इतर माध्यम-प्रकार हवेत का?" अशा अर्थाची एक चौकट समोर येते. घाईत ती कोरी राहते.

कोरी राहिली असेल तर उपाय सांगतो, लिहून घ्या. इंटरनेट जोडा. टर्मिनल उघडा. रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टंकायचे: सुडो, मोकळी जागा, ॲप्ट, मोकळी जागा, इन्स्टॉल, मोकळी जागा, आणि मग उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज. या शेवटच्या तीन शब्दांत जागा सोडायची नाही, मध्ये आडवी रेघ द्यायची. पासवर्ड टंकताना पडद्यावर काहीच उमटत नाही. घाबरू नका, तो जात असतो. पुढे अक्षर-वळणांच्या परवान्याचे एक पान येते आणि तेथे पुष्कळ जण अडकतात, कारण माउस चालत नाही. टॅब दाबून 'ओके'वर जावे, मग एंटर. शेवटी ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा.

२०२२ पासून उबुंटूत फायरफॉक्स बंद पेटीसारखा येतो आणि वाचक त्या पेटीतच दिलेला असतो. तेव्हा नव्या संगणकावरही पडदा काळा राहिला, तर पत्र बहुधा एच. २६५ मधले आहे असे समजावे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात 'हाय एफिशिअन्सी' अशी सोय असते ती बंद करा; पुढचे धडे एच. २६४ मध्ये उतरतील. आणि ब्राउझराचाच आग्रह नसेल तर तीच फाइल व्हीएलसीत उघडून पाहा.

आधी चित्रित केलेले धडे हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅमने एच. २६४ मध्ये उतरवता येतात. जुन्या संगणकाला या कामाला फार वेळ लागतो. शाळा सुटताना काम लावून ठेवावे, वीज मात्र टिकली पाहिजे. सकाळच्या घंटेपर्यंत फाइल तयार असते.